तांदळात लिहिलेलं नाव

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एम.ए.चा अर्ज भरला. विषय मराठी. बी.ए. झाले १९९९ साली, त्याच उन्हाळ्यात लग्न. मार्कशीट तेव्हापासून ट्रंकेत, शालूच्या खाली.

मला वाटलं होतं, वय आडवं येईल. तसं काही नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून आपल्यासारख्यांसाठीच आहे. वयाचं कुणी विचारत नाही. आडवं आलं ते नाव!

लग्नात ताम्हनातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आता मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पहिलं, मधलं, आडनाव, तिन्ही वेगळी. फॉर्म भरून देणारा मुलगा म्हणाला, "काकू, ही मार्कशीट नक्की तुमचीच ना?" काय सांगणार त्याला! दूरशिक्षणाला आता डीईबी आयडी लागतो, त्याला एबीसी खातं, आणि ते आधारवरून निघतं. म्हणजे नाव जुळायलाच हवं. लग्नाची नोंदणी आम्ही कधी केलीच नव्हती. साक्षीदार शोधून ती केली, आडनावाचं भागलं. पण पहिलं नाव बदललेलं, त्यासाठी राजपत्र. दीड महिना गेला यात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मी बचत गटाच्या बायकांना कितीदा सांगते. स्वतःचं मात्र तसंच राहिलं होतं.

मग गॅपचं प्रतिज्ञापत्र. कचेरीबाहेरच्या टायपिस्टनं न विचारताच टाइप केलं, 'घरगुती कारणामुळे शिक्षणात खंड'. दोन शब्दांत सगळी वर्षं! सासूबाईंचं पाच वर्षांचं अंथरुण, दोन मुलांची दहावी-बारावी, गटांची बँकेची पासबुकं, रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणी, हे सगळं त्यात बसवायचं. मी म्हटलं, "खोडा ते. कौटुंबिक जबाबदारी व सामाजिक कार्य असं लिहा." तो हसला आणि वीस रुपये जास्त घेतले. दिले मी.

घरात विचारणा झालीच, "आता पदवी घेऊन कुठं नोकरी लागणार आहे?" मुलाच्या कोचिंगची फी भरताना हा प्रश्न कुणी काढला नव्हता. माझी फी मी गटाच्या बचतीतून माझ्या वाट्याची काढून भरली. खरं सांगू, मला नोकरी नकोच आहे. बायकांच्या ओव्या वर्षानुवर्षं ऐकतेय, त्यांच्यावर नीट काही लिहायचं आहे. ते कसं लिहितात, ते शिकायचं आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर आधी ट्रंक उघडा आणि कागदांवरची नावं एकाखाली एक लिहून बघा. प्रवेश सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. ती एम.एस्सी. करतेय. तांदळात काय लिहायचं ते आधी तिला विचारा, असं मी फोनवर वहिनींना सांगितलं. वहिनी जरा वेळ गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, "तिच्या सासूबाईंशी तुम्हीच बोला."

रविवारी जाणार आहे.