पोटावरचे वण आणि लेझरचा प्रकाश

मैत्रिणींनो, बाळंतपणानंतर पोटावर उरलेल्या वणांविषयी आपण मोकळेपणी बोलत नाही. जाहिराती मात्र बोलतात! ‘सहा बैठकांत वण गायब’ असं वाचून आमच्या खारदांड्यातली एक शेजारीण भिशीचे पैसे पार्लरात भरायला निघाली, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, “वण लाल आहेत की पांढरे?”

सगळं तिथेच अडतं, बरं का. पोट ताणलं की कातडीच्या आतल्या थरातले तंतू तुटतात. नव्या वणांत रक्तवाहिन्या फुललेल्या असतात, म्हणून ते लालसर-जांभळट दिसतात. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरच्या ‘पल्स्ड डाय’ लेझरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्या वाहिन्या आक्रसतात आणि लाली उतरते. पुढे वण पांढरे पडले की या प्रकाशाला धरायला काही उरतच नाही.

पांढऱ्या वणांवर फ्रॅक्शनल लेझर वापरतात. तो कातडीत सुईच्या टोकाहून बारीक जखमा करतो. त्या भरताना नवं कोलॅजन तयार होतं. महिन्या-महिन्याच्या अंतराने अनेक बैठका झाल्या की वण थोडे अरुंद, थोडे गुळगुळीत होतात. पुसले जात नाहीत. ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर पांढऱ्या रेघांत रंग आणतो खरा, पण तो काही महिन्यांत उतरतो. मग पुन्हा खर्च!

त्यातून आपली सावळी कातडी. तिच्यातलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं आणि तापतं. मात्रा चुकली तर भाजतं, मागे काळे डाग राहतात. पांढऱ्या रेघेच्या जागी काळा डाग, म्हणजे आगीतून फुफाट्यात! पार्लरांत ‘लेझर’ म्हणून पुष्कळदा आयपीएल करतात. तो लेझर नव्हे. त्यात अनेक लहरींचा प्रकाश एकदम पडतो आणि सावळ्या कातडीला त्याचा धोका अधिक.

तेव्हा आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आपल्याला विलेपार्ल्याचं पालिकेचं कूपर रुग्णालय जवळ आहे, सल्ल्यासाठी तिथे जाता येईल. यंत्र कोणतं आणि चालवणार कोण, हे विचारायला लाजू नका. गरोदर असाल तर हा विचार बाळंतपणानंतरच करा. आणि सगळ्या बैठकांचे पैसे एकदम भरण्याआधी पदराआड झाकलेल्या इंचभर जागेवर चाचणी करून घ्या. चार-सहा आठवडे थांबा. तिथे काळं पडलं, तर पुढच्या बैठकीला जाऊच नका.