गिटारींची वंशावळ आणि कामगाराची बोटे

हेवी मेटलच्या वादकांविषयीचे लेखन वाचताना एक गोष्ट सतत खटकते. वादकापेक्षा त्याच्या गिटारींची वंशावळच तिथे अधिक तपशिलाने दिलेली असते. कोणत्या साली कोणती गिटार, तिचे लाकूड कोणते, पिकअप कोणाचे, रंग कोठे उडाला! जणू तो नाद वाद्यात आधीच भरून ठेवला होता आणि वादकाने केवळ बूच काढले. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी हा या संप्रदायाचा मोठा देव. तेव्हा हा समज त्याच्याच उदाहरणावर तपासून पाहू.

१९६५ साली, सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मध्यमेची आणि अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना अंगुस्तानासारखी टोपणे केली आणि त्यांवर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारीला लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. ताण कमी झाला, बोटांना उसंत मिळाली, नादही जड झाला.

आता गिटारी पाहू. १९६९ मध्ये पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप बिघडले आणि राखीव ठेवलेली गिब्सन एसजी हाती आली. वाजवणाऱ्या माकडाच्या चित्राचा कागद चिकटवलेली ही 'मंकी' पुढे कीर्तिमान झाली. पण ती दुकानातून आली तशी राहिली का? जॉन बर्च या कारागिराने तिच्या पिकअपवर नव्याने काम केले. पुढे बर्चकडेच काम केलेल्या जॉन डिगिन्सने आयोमीसाठी चोवीस फ्रेटची स्वतंत्र गिटार घडवली. बारीक तारा आणि चोवीस फ्रेट यांची मागणी घेऊन गेल्यावर मोठ्या कंपन्यांनी आपल्याला वाटेला लावले, असे आयोमीनेच मुलाखतींतून सांगितले आहे. वास्तविक ही यादी खरेदीची नव्हेच. दुखावलेल्या हातासाठी वर्षानुवर्षे केलेल्या दुरुस्त्यांची आहे.

यावर कोणी म्हणेल, मग तो अपघात इष्टापत्तीच ठरला. हे बोलणे मला निर्दय वाटते. यंत्राने बोटे घेतली; दिले काहीच नाही. त्या काळात यंत्राखाली बोटे गमावलेल्या किती कामगारांचे अल्बम निघाले? जे निर्माण झाले ते अपघातातून नव्हे, त्यानंतरच्या हट्टी, किचकट, कंटाळवाण्या खटपटीतून. वाद्याला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. ते कोणामुळे आले एवढेच विचारतो.

२०२० साली गिब्सनने 'मंकी'ची प्रतिकृती काढली. नग पन्नास, निम्मे डावखुऱ्यांसाठी, निम्मे उजव्यांसाठी. मूळ वाद्यावर झिजेच्या ज्या खुणा वाजवून वाजवून उमटल्या, त्या इथे कारखान्यातूनच उमटून आल्या! कामगाराच्या हाताने वाद्यावर सोडलेली खूण आता कारखाना कामगारांकडून करवून घेतो आणि श्रीमंत संग्राहकाला विकतो. याहून मोठा उपरोध कोणता?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण चुकारांसाठी राखून ठेवली आहे. आयोमीचे अंगण खरोखरच वाकडे होते. त्याने ते स्वतःच्या पायांच्या मापाने उकरून घेतले. २०२५ च्या जुलैत त्याच बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथची अखेरची मैफल झाली, तेव्हाही गिटारीच्या तारांवर होती ती टोपणे घातलेली बोटेच. वंशावळ लिहायचीच असेल, तर त्या टोपणांपासून लिहावी.