पेटीतून बाहेर आलेल्या बाळाच्या पुढच्या तारखा

काचेच्या पेटीतले बाळ अंगावर पिऊ लागते, वजन धरते आणि घरी येते, तेव्हा काळजी मिटली असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण वेळेआधी किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्या बाळांच्या काही अडचणी घरी आल्यानंतरच कळतात, आणि त्यांवरच्या उपचाराची मुदत थोडी असते.

पहिली मुदत डोळ्यांची. अशा बाळांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. ती बिघडली तरी डोळा बाहेरून निरोगीच दिसतो. म्हणून 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने तपासायचे असतात. अगदी लहान बाळांचे त्याहूनही आधी. वेळेत लेसर उपचार मिळाले तर बहुतेकांची दृष्टी वाचते. उशीर झाला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत.

वाढ मोजताना मात्र घाई नको. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाकडून सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी. तेवढी सूट देऊनही मान धरत नसेल, मुठी घट्ट मिटलेल्या असतील, पाय ताठ राहत असतील, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या तारखा पाळणे सोपे नाही. अकोले तालुक्यातल्या डोंगरी पाड्यावरून नगर शहर गाठायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कुटुंबे ऊसतोडीला जातात. बाळाची तारीख येते तेव्हा ते दूरच्या कारखान्यावरच्या कोपीत असते.

तरतुदी आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाला वर्षभर सरकारी उपचार आणि वाहन मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय धरली आहे. गरज आहे ती हे दुवे जोडण्याची. घरी सोडतानाच कार्डावर डोळे, कान आणि वाढीच्या तपासणीच्या तारखा लिहाव्यात, त्या आशाताईंना कळवाव्यात आणि कुटुंब ऊसतोडीला निघाले तर बाळाची नोंद कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे जावी. गावातल्या बायका आरोग्याची जबाबदारी समर्थपणे पेलतात, हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडमध्ये उभ्या केलेल्या कामाने दाखवून दिले आहे.

आईवडिलांना एवढेच सांगणे: बाळ हसते-खेळते दिसले तरी डोळ्यांची आणि कानांची तारीख चुकवू नका. ती कार्डावर लिहिलेली नसेल, तर दवाखाना सोडण्याआधी मागून घ्या.