शंभरातले पंच्याण्णव

विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांविरुद्धचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद एका आकड्यावर उभा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने विद्युतमंडलं आणि इलेक्ट्रॉनिक्स हा आपला अभ्यासक्रम साऱ्या जगाला मोफत खुला केला. शिकवणाऱ्यांत प्रमुख होते मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी अनंत अगरवाल. १,५४,७६३ जणांनी नावं नोंदवली आणि प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. शंभरात पाचसुद्धा नाहीत. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जस्टिन राइश आणि होजे रुइपेरेझ-व्हालिएंते यांनी एमआयटी व हार्वर्डच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं, की हे प्रमाण वाढण्याऐवजी घसरत जाऊन २०१७-१८ मध्ये शंभरात तिनाच्या आसपास आलं होतं. तेव्हापासून कुठल्याही परिसंवादात हा विषय निघाला की कोणीतरी हा आकडा पुढे करतं आणि चर्चा संपते. फुकटचं शिक्षण कोणी पुरं करत नाही. मग विद्यापीठाने त्यावर माणसं आणि पैसा का खर्च करावा?

हा युक्तिवाद चुकीचा आहेच, शिवाय तो अपायकारक आहे. त्याच्या आडून विद्यापीठं आपल्या एका जुन्या कर्तव्यातून अंग काढून घेतात.

आधी तो आकडाच तपासू. ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो त्याच अभ्यासात असंही नोंदवलं आहे, की नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रमाचं पान एकदाही उघडलं नव्हतं. म्हणजे भागाकारातला निम्मा छेद विद्यार्थ्यांचा नाहीच. महाविद्यालयात प्रवेश घेणारी मुलगी फी भरते, वसतिगृह शोधते, तीन वर्षांचा बेत ठरवून गाव सोडते. इथे ऑनलाइन नाव नोंदवणारीला लागतं ते बटणावरचं एक बोट. या दोघींना एकाच मापाने मोजून एकीला यशस्वी आणि दुसरीला गळती ठरवणं हा हिशेबातला घोळ आहे. आणि ते ७,१५७ जण? त्या अभ्यासक्रमाला कलनशास्त्र आणि अवकल समीकरणं यायला हवी होती. तो सोपा करून दिलेला नव्हता. वर्षाला दोनशे विद्यार्थी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला इतक्या जणांना उत्तीर्ण करायला पस्तीसहून अधिक वर्षं लागली असती. एका सत्रात एवढं काम झालं, त्याला अपयश म्हणायला फार मोठं धाडस लागतं.

पण मला जास्त जवळचे वाटतात ते उरलेले. चाकणच्या कारखान्यात काम करणारा एखादा पदविकाधारक कंट्रोल सिस्टिमच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात शिरतो, कारण त्याच्यापुढचं यंत्र वारंवार डळमळतं आणि त्यामागचं तत्त्व त्याला पदविकेत नीट कळलेलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात त्याला हवं ते सापडतं आणि तो निघून जातो. नोंदवहीत हा माणूस गळलेला आहे. बीएस्सीची विद्यार्थिनी तिच्या वर्गात घाईने उरकलेला एकच घटक दुसऱ्या प्राध्यापकाकडून ऐकते, तीही गळलेली. प्रमाणपत्र हे शिकण्याचं एक फळ आहे, एकमेव नव्हे, आणि नोकरीत असलेल्या माणसाला तर ते पुष्कळदा नकोच असतं.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. तिथे हजेरीपट नव्हता. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत होते. विद्यापीठाचं ज्ञान त्याच्या भिंतीबाहेरच्या माणसापर्यंत न्यायचं, एवढाच तिचा हेतू. त्या मांडवात मागच्या रांगेत बसून निम्म्यावर उठून गेलेल्या श्रोत्याची टक्केवारी कोणी काढली नाही, आणि ती काढून व्याख्यानमाला बंद करा असंही कोणी म्हणालं नाही. चार आठवड्यांचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम याच घराण्यातला आहे. त्यात भर एवढीच, की श्रोता व्याख्यान थांबवू शकतो, पुन्हा ऐकू शकतो आणि हवी असेल तर परीक्षाही देऊ शकतो.

दुसरा आक्षेप असा, की फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. याला पुरावाही दिला जातो: त्याच अभ्यासात, पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतलेल्यांपैकी २०१७-१८ मध्ये ४६ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ खोटा. ज्याने शेवटपर्यंत जायचं आधीच ठरवलं आहे तोच पैसे भरतो. पैसे भरल्यामुळे निश्चय आला हे त्यातून सिद्ध होत नाही. फी लावली की टक्केवारी वाढते, कारण ज्यांच्याकडे निश्चय आहे पण पैसे नाहीत ते दारातूनच परत जातात आणि भागाकारात येतच नाहीत. अशी वाढलेली टक्केवारी कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठाने अभिमानाने मिरवू नये.

परीक्षेचं शुल्क ही मात्र निराळी गोष्ट आहे. एनपीटीईएल या आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या २००३ पासूनच्या उपक्रमात चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल त्याने केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि त्यासाठी हजार रुपये भरायचे. केंद्र, पर्यवेक्षक, ओळखपत्रांची तपासणी यांना खर्च येतो आणि तो परीक्षार्थीकडून घेण्यात मला अन्याय दिसत नाही. गरजूला त्यात सवलत असावी. धड्यावर मात्र दारपट्टी नको.

धड्यावर दारपट्टी बसवली की काय होतं ते अमेरिकेने दाखवून दिलं आहे. एमआयटी आणि हार्वर्डने २०१२ मध्ये एडएक्स ना-नफा तत्त्वावर स्थापन केलं. २०१८ च्या अखेरीस तिथे मोफत विद्यार्थ्याच्या वाट्याला मुदतीची मर्यादा आली आणि गुण मिळणारे स्वाध्याय पैसे भरणाऱ्यांसाठी राखले जाऊ लागले. २०२१ मध्ये ते टू-यू या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकलं गेलं आणि २०२४ च्या जुलैत त्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने उभं केलेलं फ्युचरलर्नही २०२२ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेलं. मोफत शिक्षणाचा प्रयोग फसला असं सांगणारे या घटनांकडे बोट दाखवतात. फसलं ते त्या शिक्षणातून नफा काढण्याचं गणित. एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलेलं ओपनकोर्सवेअर आजही नाव न नोंदवता, एक पैसा न भरता वापरता येतं. ओपन युनिव्हर्सिटीचं २००६ पासूनचं ओपनलर्नही चालू आहे. ज्यांनी हे काम विद्यापीठाचं काम म्हणून केलं, त्यांचं टिकलं.

आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे आणि ते लपवून मला मोफत अभ्यासक्रमांची बाजू मांडायची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांना वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्याची मुभा दिली, २०२१ मध्ये ती चाळीस टक्क्यांवर नेली. धोरण चांगलं आहे. पण अनेक महाविद्यालयांनी त्याचा अर्थ असा लावला, की प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव कुठल्या तरी अभ्यासक्रमात घालायचं आणि मूल्यांकनाच्या फायलीत आकडा दाखवायचा. परिणाम सगळ्यांना माहीत आहे. दर आठवड्याच्या स्वाध्यायाची उत्तरं यूट्यूबवर आणि टेलिग्रामच्या गटांत आयती मिळतात, मुलं ती उतरवतात आणि व्हिडिओ एकदाही न पाहता पंचवीसपैकी चोवीस गुण घेतात. जो अभ्यासक्रम स्वेच्छेने शिकणाऱ्यासाठी होता तो सक्तीचा झाला, की त्याची हीच गत होणार. श्रेयांक जरूर द्यावेत, पण मागणाऱ्याला. आणि विषय विद्यार्थ्याने निवडावा, विभागप्रमुखाने वाटून देऊ नये.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो मी खोडणार नाही, कारण तो खरा आहे. जॉन हॅन्सन आणि राइश यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्येच दाखवलं, की अमेरिकेत या अभ्यासक्रमांना सधन वस्त्यांतले तरुण जास्त येतात, आणि त्यातल्या कोवळ्या वयाच्यांत प्रमाणपत्रापर्यंत पोचण्यातही सुखवस्तू, शिकलेल्या घरांतली मुलंच पुढे असतात. दार उघडं ठेवलं म्हणून सगळे सारखेच आत येत नाहीत. २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटी या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीच्या मदतीने पायाभूत गणिताचे स्वस्त ऑनलाइन वर्ग घेतले. ज्यांना गणिताची सर्वांत जास्त अडचण होती त्याच मुलांचं उत्तीर्णतेचं प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा फार खाली गेलं आणि प्रयोग थांबवावा लागला. ऑनलाइन अभ्यासक्रम शिक्षकाची जागा घेईल असं सांगणाऱ्या उत्साही मंडळींनी हे दोन्ही निष्कर्ष जवळ बाळगावेत.

याच मंडळींची आवडती गोष्ट म्हणजे एमआयटीच्या त्या पहिल्या अभ्यासक्रमात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा उलानबाटरचा पंधरा वर्षांचा मुलगा. गोष्ट खरी आहे, पण ती नेहमी अर्धीच सांगतात. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. त्यांनी मुलांचा गट जमवला, प्रयोगांचं साहित्य मिळवलं आणि प्रयोग करून घ्यायला स्टॅनफर्डमधून एका तरुण संशोधकाला बोलावून घेतलं. मोफत अभ्यासक्रमाने तिथे जे साधलं ते शेजारी बसलेल्या माणसांच्या बळावर साधलं.

म्हणून विषमतेच्या या आक्षेपावर अभ्यासक्रम बंद करणं हा उपाय नाही. त्यांना भाषा द्यावी लागेल आणि माणूस द्यावा लागेल. भाषेबाबत हेलसिंकी विद्यापीठाकडे पाहावं. २०१८ मध्ये त्याने रिअ‍ॅक्टर या कंपनीबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारा मोफत अभ्यासक्रम काढला, फिनलंडच्या एक टक्का लोकांना तरी तो शिकवायचा असं उद्दिष्ट ठेवून. तो इंग्रजीत ठेवून विद्यापीठ थांबलं नाही. फिनिशमध्ये आणला, पुरा करणाऱ्याला दोन श्रेयांक दिले आणि पुढे युरोपीय संघाच्या इतर भाषांतही न्यायला घेतला. फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या घरात. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांवर होते. इंग्रजीशिवाय उच्च ज्ञान शिकवता येत नाही हे सांगण्याचा अधिकार या आकड्यांपुढे आपल्या कोणत्याही विद्यापीठाला उरत नाही.

आणि हे आपल्याकडे जमतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे केले: पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर, थांबवत थांबवत स्वतः करत जायचं. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन यांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. त्याच परंपरेत स्तनपान आणि बालपोषणावरचे धडेही मराठीत झाले. बाळाला छातीशी नीट कसं धरायचं, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न कसं सुरू करायचं, हे अंगणवाडी सेविका आणि आशाताई आपल्या भाषेत पाहू शकतात. धडा पाहणाऱ्या बाईला दहावीची गुणपत्रिका कोणी विचारत नाही. विद्यापीठीय संशोधन थेट तिच्या हातात पडतं. मोफत अभ्यासक्रमाचं समर्थन करायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

मग यापुढे काय करावं? राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं. त्यांनी चार आठवड्यांचा एकेक अभ्यासक्रम मराठीत द्यावा: माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा आणि त्यावरून खताचा हिशेब कसा करायचा, आंब्याचा मोहर कसा जपायचा, कपाशीवरची कीड ओळखून फवारणी केव्हा टाळायची. पारंपरिक विद्यापीठांनी अकरावीत गणिताला अडखळणाऱ्यांसाठी, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प समजून घेऊ पाहणाऱ्या सदस्यांसाठी असंच काही करावं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला राम ताकवल्यांच्या कुलगुरुपदाच्या काळापासून, म्हणजे १९८९ पासून, अभ्यासकेंद्रं चालवण्याचा अनुभव आहे. तो सर्वांना वापरू द्यावा. राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या वाचनकक्षात आठवड्यातून एक संध्याकाळ, एक पडदा आणि प्रश्नांना उत्तरं देणारा एक शिक्षक मिळाला, तर उलानबाटरच्या मुख्याध्यापकांनी केलं ते तालुक्याच्या गावात करता येईल. पहिल्या तुकडीचा अहवाल लिहिताना प्रमाणपत्रांच्या संख्येआधी हे लिहावं, की कोणत्या तालुक्यातून कोण आलं, किती शिकलेलं होतं, कुठल्या धड्याला थांबलं आणि का.

खर्चाचा मुद्दा निघेलच. नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही, धडे ठेवायला ‘स्वयम्’ची यंत्रणा उभी आहे. सर्वांत महाग गोष्ट आहे चांगल्या शिक्षकाचा वेळ. चार आठवड्यांचा नेटका अभ्यासक्रम रचायला, चित्रित करायला, त्यातले प्रश्न घडवायला आणि शिकणाऱ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला एक सत्र सहज जातं. तेवढ्या सत्रापुरत्या त्या शिक्षकाच्या आठवड्याच्या तासिका कमी कराव्यात, आणि त्या तासिका घ्यायला रिकामं पडलेलं एक पद भरावं.