लो मेंटेनन्स म्हणे!

मंडळी, आज शनिवार असूनही डोकं शांत नाही. कारण एक वाक्य. गेल्या वर्षभरात ते मी हापिसच्या कँटीनमध्ये ऐकलं, ट्रेकच्या बसमध्ये ऐकलं, एकदा तर लग्नाच्या पंगतीत ऐकलं. "अरे, टॅरँटुला घे की! कुत्र्यासारखं फिरवून आणायला नको, मांजरासारखे नखरे नाहीत. आठवड्याला एक किडा टाकला की झालं. एकदम लो मेंटेनन्स!"

ही थाप आहे. आणि या थापेपायी आपल्यासारख्यांच्या फ्लॅटमध्ये बिचारे आठ पायांचे जीव मरतात, म्हणून आज जरा भांडायचं आहे.

हे मी लांबून बोलत नाहीये. माझा एक सहकारी कायमचा परदेशी गेला, तेव्हा त्याच्याकडची मेक्सिकन रेड नी जातीची मादी मी रीतसर कागदपत्रं करून घेतली. चार महिने झाले, माझ्या टेबलाशेजारी राहते. तिचं शास्त्रीय नाव ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. मूळ गाव मेक्सिकोचा पॅसिफिक किनारा, तिथलं कोरडं पानगळीचं जंगल. २०१७ साली या गटाचं वर्गीकरण नीट तपासलं गेलं, तोपर्यंत बाजारात हिला सरसकट 'स्मिथी' म्हणून विकत असत. म्हणजे बघा, विकणाऱ्याला माल काय आहे हेच धड ठाऊक नव्हतं, आणि सल्ले मात्र छातीठोक!

तर मुद्दा पहिला: कष्ट कमी आहेत, हे खरं. पण कष्ट कमी म्हणजे जबाबदारी कमी, हे गणित कुठून आलं? ज्या सर्व्हरला वर्षभर कुणी हात लावत नाही तो बिनमहत्त्वाचा असतो का? उलट त्याला कधी हात लावायचा नाही, हे ज्याला कळतं तोच खरा ॲडमिन. टॅरँटुलाचं अगदी तसंच आहे. त्याला पाळणं म्हणजे नव्वद टक्के वेळा गप्प बसणं. आणि नेमकं हेच आपल्या पिढीला जमत नाही. आणल्याच्या पहिल्याच संध्याकाळी त्याला तळहातावर घेऊन फोटो काढायचा असतो.

"हाताळलं की त्याला आपली सवय होते," असं वर सांगतात. राव, तो कोळी आहे, मोती किंवा टॉमी नाही. माणसाचा हात त्याच्या दृष्टीने एक गरम, हलणारी, अनोळखी जमीन आहे. तो शांत बसला म्हणजे त्याला आवडलं असं नव्हे, त्याने फक्त सहन केलं. आणि बिचकला तर उडी मारतो. जमिनीवर राहणाऱ्या या जातींचं पोट इतकं नाजूक असतं की कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी फुटू शकतं. मग काही उपाय नाही. शिवाय अमेरिका खंडातल्या बऱ्याच जाती मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. ज्यांनी लहानपणी गावाकडे खाजकुइलीचा प्रसाद घेतला आहे त्यांना त्वचेवर काय होतं हे सांगायला नको. डोळ्यात गेले तर मात्र गंमत संपली, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागतं. एका फोटोसाठी एवढा धोका दोघांनी का पत्करायचा?

मुद्दा दुसरा: माहिती न घेता केलेली काळजी ही दुर्लक्षापेक्षा वाईट. नवीन कोळी आणला की महिनाभर खात नाही, आणि मालक घाबरतो. रोज नवा रातकिडा टाकतो. वास्तविक पोट गुबगुबीत असेल आणि वाटीत पाणी असेल तर मोठा टॅरँटुला महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. बहुधा तो कात टाकायच्या तयारीत असतो. एक दिवस तो चक्क उताणा पडतो, पाय वर. मालकाला वाटतं, मेला! मग तो त्याला सरळ करतो, पाणी शिंपडतो, काडीने ढोसतो. झालं, इथेच खरोखर मारतो.

साधी खूण लक्षात ठेवा. कोळ्याचे पाय सरळ करायला पुरेसे स्नायू नसतात, ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबाने होतं. जेसीबीचा हात जसा हायड्रॉलिकवर चालतो तसं. मरताना हा दाब जातो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. उताणा पडून पाय पसरलेला कोळी मरत नसतो, कात टाकत असतो. याला काही तास लागतात. तेव्हा त्याला हात लावू नका, पेटी हलवू नका, आणि आतला जिवंत किडा आधीच काढून घ्या, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला साधा रातकिडासुद्धा कुरतडू शकतो. नंतर निदान आठवडाभर, विषदंत पुन्हा काळे आणि टणक होईपर्यंत, जेवण बंद.

तिसरा मुद्दा परदेशी सल्ल्यांचा. थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं वाचून पुण्यात ऐन मे महिन्यात पेटीखाली हीटिंग मॅट लावणारे महाभाग मी पाहिले आहेत! अहो, घरात पंखा फिरतोय, तुम्ही घामाघूम झालात, आणि कोळ्याला ऊब कसली देताय? आपल्याकडचं खोलीचं तापमान त्याला पुरतं. उंच काचपेटी नको (पडण्याचं मघाशी सांगितलंच), चार-पाच इंच कोरडं कोकोपीट, लपायला नारळाची अर्धी करवंटी, पाण्याची उथळ वाटी. बास. वाटीत स्पंज कशाला ठेवतात देव जाणे, त्यात नुसते जंतू वाढतात.

याउलट आपल्या घरातला खरा शत्रू त्या सल्ल्यांमध्ये सहसा सापडत नाही. तो प्लगला लावलेला असतो. डासांच्या लिक्विडमध्ये आणि बऱ्याच कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती किड्यांच्या मज्जासंस्थेवर हल्ला करतात, आणि ते मशीन काही डासाला ओळखून कोळ्याला सोडून देत नाही. ज्या खोलीत टॅरँटुला आहे तिथे मच्छरदाणी लावा. सोसायटीत पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली की त्याला थोडे दिवस मित्राकडे हलवा. आणि स्वयंपाकघरातलं झुरळ फुकट मिळतं म्हणून त्याला खाऊ घालू नका, ते कुठलं औषध चाटून आलंय कोण जाणे.

आता सगळ्यात अवघड गणित. या जातीची मादी वीस वर्षं सहज, कधी तीसपर्यंत जगते. नर मात्र वयात आल्यावर साधारण वर्षभरात संपतो. तुम्ही आज अठ्ठावीसचे असाल आणि लहान मादी आणलीत, तर ती तुमच्या पन्नाशीच्या आसपास जाणार. मधे किमान पाच भाड्याची घरं, दोन-तीन नोकऱ्या, लग्न, एखादं ऑनसाइट, आणि "हे काय आणलंस घरात!" म्हणणाऱ्या सासूबाई. गृहकर्जाचा कालावधी आणि टॅरँटुलाचं आयुष्य जवळपास सारखंच हो. कर्ज घेताना आपण चार बँका फिरतो, आणि कोळी मात्र रविवारी दुपारी कंटाळा आला म्हणून आणतो.

शेवटचं, तो येतो कुठून? आंध्रातल्या गुत्तीचं नाव ऐकलंय? तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून पोकॉक यांनी १८९९ मध्ये एका जातीचं वर्णन केलं, पोइसिलोथेरिया मेटॅलिका. मोरपिशी निळा रंग. मग शतकभर तिचा पत्ता नाही. २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात ती पुन्हा सापडली. जंगलाचा तुकडा लहान, त्यात लाकूडतोड, आणि रंगाच्या मोहाने जगभरच्या हौशी लोकांची मागणी. २००८ मध्ये आययूसीएनने तिला अतिसंकटग्रस्त ठरवलं. २०१९ मध्ये हा आख्खा गट साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. याच गटातली रेगॅलिस आपल्या सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहते. तेव्हा ट्रेकवरून "एक पिल्लू आणलं" असं कुणी कौतुकाने सांगू लागला तर त्याचं कौतुक करू नका.

माझ्या मेक्सिकन बाईसाहेबांचा गटही साइट्सच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, हस्तांतर आणि मृत्यूही कळवावा लागतो. विकणारा "कागद कशाला हवेत साहेब?" म्हणाला, की व्यवहार तिथेच थांबवा.

"मग पाळायचाच कशाला? जंगलात सुखी आहे की!" असंही काही जण म्हणतात. जंगलातून उचललेल्याबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. पण बंदिवासातच जन्मलेला, पिढ्यान्पिढ्या पेटीत वाढलेला जीव कुणीतरी सांभाळायलाच हवा, आणि तो नीट सांभाळता येतो. त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा मात्र ठेवू नका. रात्री दिवा मंद करून, तो करवंटीतून एकेक पाय बाहेर काढतो ते नुसतं बघायचं. एवढ्यावर तुमचं समाधान होत असेल तर जरूर आणा.

होत नसेल तर मनी प्लँट लावा. तो खरा लो मेंटेनन्स. :)