शौर्याला हुद्दा कशाला?

इंग्लंडमधील डरहॅम हा कोळशाच्या खाणींचा परगणा. तेथील ब्रॅडफर्ड कुटुंबातील चार सख्खे भाऊ पहिल्या महायुद्धात लढले आणि चौघांनाही शौर्यपदके मिळाली. थॉमसला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, जेम्सला मिलिटरी क्रॉस, रोलंडला मिलिटरी क्रॉस आणि व्हिक्टोरिया क्रॉस, तर नौदलातील जॉर्जला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. चौघांपैकी एकटा थॉमस परतला.

या भावांच्या पराक्रमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर आघाडीच्या पलटणीचा प्रमुख जखमी होताच, चोवीस वर्षांच्या रोलंडने स्वतःच्या पलटणीबरोबर तिचेही नेतृत्व अंगावर घेतले. पंचविसाव्या वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला आणि त्याच महिन्यात, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, कांब्रे येथे तोफगोळ्याने मारला गेला. जॉर्ज २३ एप्रिल १९१८ रोजी, आपल्या एकतिसाव्या वाढदिवशी, झेब्रुग बंदराच्या हल्ल्यात पडला. जहाज धक्क्याला लागेना, तेव्हा तो यारीवर चढला, नांगर घेऊन धक्क्यावर उडी मारली, तो अडकवला आणि क्षणार्धात मशीनगनच्या गोळ्यांनी त्याची चाळण झाली. युद्धखोरीचा कितीही तिटकारा असला, तरी अशा माणसांपुढे मस्तक लववावेच लागते.

प्रश्न आहे तो ही पदके वाटणाऱ्या व्यवस्थेचा. ब्रॅडफर्ड बंधूंचे वडील खाण-अभियंता होते. मुले अधिकारी झाली. डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या रांगांत मात्र खाणकामगारांची मुले मोठ्या संख्येने होती. त्याच खंदकात, त्याच गोळीबारात, तेच धाडस करणाऱ्या साध्या शिपायाच्या छातीवर मिलिटरी क्रॉस लागू शकत नव्हता. १९१४ च्या अखेरीस सुरू झालेले हे पदक अधिकाऱ्यांसाठी, फार तर वॉरंट अधिकाऱ्यांसाठी होते. शिपायासाठी १९१६ मध्ये मिलिटरी मेडल निघाले, तेही खालच्या पायरीचे. कारखान्यात साहेबांचे आणि मजुरांचे दरवाजे वेगळे असतात, तसाच हा प्रकार. तो बंद व्हायला १९९३ साल उजाडावे लागले.

व्हिक्टोरिया क्रॉस सर्व हुद्द्यांना खुला होता, हे मान्य केले पाहिजे. पण तेथेही पैशाचा नियम बोलका होता. या पदकाबरोबरचे वर्षाला दहा पौंडांचे वेतन फक्त अधिकारी नसलेल्यांना मिळे. साहेबाला पैशाची गरज नसते आणि शिपायाला ती असते, हे सरकार १८५६ पासून जाणून होते. मात्र त्या गरजेची किंमत त्याने दहा पौंड ठरवली! सर्वांना सारखे शंभर पौंड मिळू लागले ते १९५९ मध्ये.

रंगाची पायरी याहून खालची होती. हिंदी शिपाई साम्राज्यासाठी मरत होता, पण १९११ पर्यंत तो व्हिक्टोरिया क्रॉसला पात्रच नव्हता.

स्वतंत्र भारताने २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर चक्रे स्थापन केली, ती जवान व अधिकारी असा भेद न करता. ही गोष्ट निःसंशय अभिमानाची आहे. परंतु पदकाबरोबर राज्य सरकारे जी रोख रक्कम देतात, तिच्यात राज्याराज्यांत प्रचंड तफावत आहे. एकाच चकमकीत एकच पदक मिळवणाऱ्या दोन जवानांच्या घरी, केवळ घर कोणत्या राज्यात आहे एवढ्यावरून, वेगवेगळी रक्कम पोहोचते. जवान लढतो तो राज्यासाठी नव्हे, देशासाठी. तेव्हा या रकमेचा किमान आकडा केंद्राने ठरवावा आणि त्याचा भार केंद्राच्याच तिजोरीने उचलावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील माजी सैनिकांना बरोबर घेऊन लावून धरली पाहिजे.