किरणोत्सर्ग : किती, कोठे आणि किती वेळ?



पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ कुंभवली हे गाव आहे. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आणि काही किलोमीटरवर, समुद्रकाठी, तारापूरचे अणुवीज केंद्र. १९६९ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातले ते पहिले अणुवीज केंद्र. इतर गावांतल्या मुलांना ‘अणुभट्टी’ हा शब्द पुस्तकात भेटतो, या टापूतल्या मुलांना तो घरातल्या बोलण्यात भेटतो.

आता समजा, अशाच एका घरातल्या मावशीचे वजन काही कारण नसताना घटते आहे, छाती धडधडते, हात कापतात, गळ्याशी सूज दिसते. डॉक्टर सांगतात, “मुंबईला जाऊन थायरॉइडचा स्कॅन करून घ्या. थोडे किरणोत्सर्गी औषध देतील.” झाले! घरात कुजबुज सुरू होते, “किरणोत्सर्गी? नको रे बाबा,” आणि तपासणी पुढच्या महिन्यावर जाते.

या भीतीला हसण्यात अर्थ नाही. किरणोत्सर्ग अपाय करू शकतो, हे खरेच आहे. पण ‘किरणोत्सर्ग आहे की नाही?’ हा प्रश्नच अपुरा आहे, असे माझे मत आहे. विचारायचे ते असे : किती आहे, शरीरात कोठे जातो आणि किती वेळ राहतो? हे तीन प्रश्न विचारायची सवय आपल्या शाळांनी मुलांना लावलेली नाही. अर्धायुष्य हा धडा आपण शिकतो तो गणित सोडवण्यापुरता.

‘कोठे?’ या प्रश्नापासून सुरुवात करू. गळ्याच्या पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. तिलाच थायरॉइड म्हणतात. तिच्या मुख्य हॉर्मोनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू लागतात, म्हणून ही ग्रंथी रक्तातले आयोडीन वेचून घेते. मिठातले साधे आयोडीन आणि किरणोत्सर्गी आयोडीन यांतला फरक तिला कळत नाही. दोन्हींचे रासायनिक गुण एकच. १९३६ साली अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचे डॉक्टरांपुढे व्याख्यान झाले. तेव्हा सॉल हर्ट्‌झ या तरुण डॉक्टराने विचारले, “आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी करता येईल का?” त्या एका प्रश्नातून पुढचे सारे घडले. १९४१ साली हर्ट्‌झ यांनी किरणोत्सर्गी आयोडीन देऊन पहिल्या रुग्णावर उपचार केले. श्रोत्यांतून उठून प्रश्न विचारायला लाजणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे!

आज नुसत्या चित्रासाठी पुष्कळदा टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याचे अर्धायुष्य ६ तास. मग मुंबईच्या रुग्णालयापर्यंत ते टिकते कसे? युक्ती मोठी गमतीची आहे. रुग्णालयाकडे धाडतात ते मॉलिब्डेनम-९९. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६६ तास असते आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम तयार होत राहते. रोज सकाळी मिठाचे पाणी सोडून ते काढून घ्यायचे. तंत्रज्ञ याला ‘गाय दोहणे’ म्हणतात, आणि आपल्याकडे तरी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. टेक्नेशियममधून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेरचा कॅमेरा टिपतो. ग्रंथीचा जो भाग जास्त काम करतो तो चित्रात गडद उमटतो, जो काम करत नाही तो फिका. क्ष-किरणांच्या चित्रात आकार दिसतो. येथे अवयवाचे काम दिसते.

आपल्याकडे या शाखेची पायाभरणी मुंबईतच झाली. १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र परळला सुरू झाले. अवटू ग्रंथीचे विकार हा तेथील कामाचा एक मोठा भाग आहे. आणखी एक गैरसमज येथेच दूर करू. तारापूरच्या भट्ट्या वीज करतात. मावशीच्या औषधातले आयोडीन बनते ते ट्रॉम्बेच्या संशोधन-भट्टीत. तेथील ‘ध्रुव’ ही भट्टी १९८५ साली सुरू झाली.

आता हाडांकडे वळू. हाड म्हणजे भिंतीतली वीट, एकदा बसवली की झाले, असे आपल्याला वाटते. १९३५ साली जॉर्ज हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस खाऊ घातला. तो प्रौढ उंदरांच्या हाडांत शिरला आणि काही काळाने बाहेरही पडू लागला. हाड सतत मोडते आणि सतत बांधले जाते, हे त्यातून दिसले. माझ्या मते शरीरशास्त्रातल्या सुंदर प्रयोगांत याची गणना व्हावी. पाठ्यपुस्तकात तो असायलाच हवा. हेच तत्त्व वापरून गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकाफी यांनी १९७१ साली टेक्नेशियम फॉस्फेटच्या संयुगाला जोडले. हाडाची जेथे जोमाने बांधणी चालू असते तेथे हे औषध जास्त साठते. बारीक तडा, पसरलेला कर्करोग, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मऊ झालेली हाडे यांचा माग त्यावरून लागतो.

ग्रंथी आणि हाडे यांचा संबंध तर फारच जवळचा आहे. अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. त्यांतल्या एखादीला गाठ आली की तिचे हॉर्मोन वाढते आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरू लागते. दुखतात हाडे, होतात मुतखडे, आणि चोर बसलेला असतो गळ्यात! तो नेमका कोणत्या बाजूला आहे, हे टेक्नेशियमच्या चित्राने शस्त्रक्रियेपूर्वी शोधता येते. अवटू ग्रंथीचे हॉर्मोन फार काळ जास्त राहिले तरी हाडे विरळ होतात. म्हणून मावशीची तपासणी लांबवणे हे तिच्या हाडांनाही महाग पडते.

मात्र उतारवयातल्या आजीची हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे पाहायला हा स्कॅन लागत नाही. त्यासाठी हाडांची घनता मोजणारी क्ष-किरणांची वेगळी तपासणी असते आणि तिची किरणमात्रा अगदी अल्प असते. ‘हाडांचा स्कॅन’ या एकाच नावाखाली लोक दोन्ही ओढतात. भीतीने तपासणी टाळणे जसे वाईट, तसेच गरज नसता मोठी तपासणी मागून घेणेही वाईट.

मग मात्रा किती? जगात प्रत्येक माणसाला माती, खडक, आकाश आणि अन्न यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. टेक्नेशियमच्या हाडांच्या स्कॅनमध्ये तो साधारण ४ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे दोन वर्षांच्या नैसर्गिक वाट्याहूनही कमी. उपचारासाठी आयोडीन-१३१ देतात तेव्हा मात्रा पुष्कळ मोठी असते. कर्करोगाच्या रुग्णाला तर ती दिल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. गर्भवतीला हे आयोडीन देत नाहीत आणि अंगावर पाजणाऱ्या आईने आधीच तसे सांगायला हवे.

तारापूर परिसरातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात हेच आयोडीन-१३१ वाऱ्याने गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या अवटू ग्रंथीत गेले. पुढे त्या मुलांत या ग्रंथीचा कर्करोग वाढला. अणुवीज केंद्रांच्या आणीबाणीच्या योजनांत साध्या आयोडीनच्या गोळ्या असतात त्या यासाठीच. ग्रंथी आधीच भरलेली असली की घातक आयोडीनला तेथे जागा उरत नाही. जो गुण डॉक्टर उपयोगात आणतात, तोच अपघातात घात करतो. या परिसरातल्या शाळांत हे दोन्ही एकाच तासाला शिकवावे. मुलांना घाबरवण्यासाठी नव्हे. आणीबाणीची रंगीत तालीम होते तेव्हा गोळी कशासाठी आहे आणि ती सांगितल्याशिवाय का घ्यायची नाही, हे घरच्यांना समजावून सांगणारे कोणीतरी हवे. नववी-दहावीचा विद्यार्थी ते काम उत्तम करील.

राहिला ‘किती वेळ?’ हा प्रश्न. शिक्षकांनी तो फळ्यावरच्या सूत्राने न सोडवता नाण्यांनी सोडवावा. वर्गात ६४ नाणी जमवा आणि एका डब्यात घालून जमिनीवर उधळा. ज्यांचा छाप वर आला ती बाजूला काढा; उरलेली पुन्हा उधळा. एक उधळण म्हणजे टेक्नेशियमचे ६ तास. चार वेळा, म्हणजे २४ तासांत, चारएक नाणी उरतील. कधी तीन, कधी सहा. तो फरकही वहीत लिहून ठेवा. शरीरात तर ती याहूनही लवकर कमी होतात, कारण बरेचसे औषध लघवीवाटे निघून जाते. म्हणूनच स्कॅननंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात. मग हाच खेळ आयोडीन-१३१ साठी खेळा. तेव्हा मात्र प्रत्येक उधळण ८ दिवसांची धरायची.